सोयीची चूक

पॅरिस वेधशाळेतल्या सिर्टे प्रयोगशाळेने २०१७ मध्ये लेसर आणि फ्रीक्वेन्सी कॉम्बच्या जोरावर १२ गिगाहर्ट्झचा सिग्नल काढला. कॅरियरपासून १० किलोहर्ट्झवर त्याचा फेज नॉइज, म्हणजे लयीतला गोंगाट, उणे १७३ डीबीसी प्रति हर्ट्झच्या घरात. आकडा गाजला. तो मोजण्यासाठी त्याच जातीचे आणखी दोन स्रोत उभारावे लागले, ही गोष्ट मागे पडली.

दोन स्रोत कशाला? कारण इतक्या शांत सिग्नलपुढे मोजणारे यंत्रच जास्त गोंगाट करते. म्हणून सिग्नल एकेका स्रोताशी ताडून दोन स्वतंत्र वाटांनी मोजायचा आणि दोन्हींत जे समान तेवढेच खरे धरायचे. हेच क्रॉस-कोरिलेशन. बाकीचा गोंगाट सरासरीत विरतो, पण सावकाश. आणखी ५ डेसिबल खाली जायचे तर सरासऱ्या दसपट. २० डेसिबलसाठी दहा हजार पट. धीर धरला की आलेख खाली सरकत राहतो.

खाली सरकणारा आलेख कोणाला आवडत नाही?

अडचण ‘स्वतंत्र’ या गृहीतात आहे. सिग्नल दोन वाटांना लावणाऱ्या स्प्लिटरमध्ये एक रेझिस्टर असतो. त्याचा औष्णिक गोंगाट एका वाटेवर अधिक चिन्हाने उतरतो, दुसरीवर उणे चिन्हाने. हा गोंगाट सरासरीत विरत नाही. तो सिग्नलच्या खऱ्या गोंगाटातून वजा होतो. खोलीच्या तापमानाला एक मिलिवॉट सिग्नलची औष्णिक मर्यादा उणे १७७ आहे. त्या पातळीजवळ दोन्ही गोंगाट बरोबरीचे झाले की आलेख एकदम कोसळतो. यंत्र मर्यादेच्याही खालचा आकडा दाखवते. अमेरिकेच्या निस्ट संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्येच हे सविस्तर मांडले होते.

मोजमापात चुका होतातच. पण ही चूक सिग्नल बनवणाऱ्याच्या बाजूने होते, आणि म्हणून ती शोधायची घाई त्याला नसते. ऑप्टिकल फायबरची जुनी पद्धत या बाबतीत बरी. तिच्यात सिग्नलची तुलना त्याच्याच क्षणापूर्वीच्या रूपाशी होते. दोन किलोमीटर फायबर म्हणजे सुमारे १० मायक्रोसेकंद उशीर. १०० किलोहर्ट्झला आणि त्याच्या प्रत्येक पटीला ही पद्धत आंधळी असते. पण तिथे आलेखावर सुळके उठतात. आंधळेपणा लपत नाही.

क्रॉस-कोरिलेशनमध्ये तो लपतो, कारण दोन वाटांच्या तुलनेतून निघणाऱ्या क्रॉस-स्पेक्ट्रमचे चिन्ह पुसून नुसते मूल्य आलेखावर घेण्याचा रिवाज आहे. उणे झालेली किंमत मग बिनबोभाट अधिक होऊन येते. उणे १७० च्या पलीकडचा दावा करणाऱ्याने ‘क्रॉस-कोरिलेशनने मोजले’ एवढा शेरा मारून सुटू नये. सरासऱ्या किती घेतल्या, स्प्लिटर कोणता होता, त्याचे तापमान किती, आणि क्रॉस-स्पेक्ट्रम चिन्हासकट कसा दिसतो, हे आकड्याशेजारी छापावे.