आंब्याची पेटी आणि घरचा हिशेब

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना कशात गुंतवावे, ही चिंता शहरी पालकांना दरवर्षी ग्रासते आणि त्या चिंतेवर छंदवर्गांची व शिबिरांची एक बाजारपेठच पोसली जाते. मुलांनी काही स्वतः करून शिकावे म्हणून तेथे शुल्क भरणाऱ्या याच घरांत त्या दिवसांत आंब्याची पेटी येते. मुलांच्या वाट्याला मात्र सोललेल्या, चिरलेल्या फोडीच येतात. पेटी फोडणे, फळे निवडणे, अढी घालणे हे सारे मोठ्यांनी उरकलेले असते. ज्या कामात शिक्षण आहे, नेमके तेच मुलांपासून दूर ठेवले जाते.

समजा, पाच डझनांची पेटी २,४०० रुपयांना घेतली. साठ फळांचा भाव प्रत्येकी ४० रुपये, हे चौथीतील मूल सांगेल. पण चार फळे नासली, सहांत साका निघाला, तर खाण्याजोगी उरली पन्नास. म्हणजे फळ पडले ४८ रुपयांना. पुढे स्वयंपाकघरातला तराजू पुढ्यात ओढावा. २५० ग्रॅमच्या फळाची साल व कोय बाजूला काढून तोलली आणि गर १५० ग्रॅम भरला, तर वरवर १६० रुपये किलो वाटणारा आंबा प्रत्यक्षात ३२० रुपये किलोने पोटात गेला. भाव आणि खरी किंमत यांतील हे अंतर एकदा स्वतःच्या हाताने मोजलेल्या मुलास नफातोट्याचे गणित निराळे शिकवावे लागत नाही.

साक्याचा धडा तर त्याहून मोलाचा. फळ बाहेरून निर्दोष, रंग व वास उत्तम आणि कापल्यावर आत पांढुरका, स्पंजासारखा गर! हा दोष बाहेरून ओळखता येत नाही. मग हे नुकसान कोणी सोसावे? बागायतदाराने, दलालाने, फळवाल्याने की ग्राहकाने? या एका प्रश्नावर जेवणाच्या पाटावर रंगणारा वाद हा जोखमीच्या अर्थशास्त्राचा श्रीगणेशाच होय. पेटीवरचे नावही मुलांकडून वाचून घ्यावे. कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी परप्रांतीय आंबा देवगडच्या नावाने खपविला जातोच. नाव विकले जाते म्हणजे काय, हे मुलांना इतक्या सोपेपणाने दुसरीकडे कोठे कळणार?

महाविद्यालयातील विद्यार्थी घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम व्याख्येसह घोकतात आणि परीक्षा संपताच विसरतात. आठ वर्षांच्या मुलाने पहिल्या आंब्याला दहापैकी दहा गुण दिले आणि चौथ्याला चार, तर त्याने तो नियम स्वतः शोधून काढलेला असतो. (पाचव्या आंब्याला शून्य गुण देऊनही तो खाणारी मुले असतात, त्यांचे काय करावे, हे शास्त्राने अद्याप सांगितलेले नाही.)

यावर एक आक्षेप हमखास येईल आणि तो रास्त आहे. हापूसची पेटी घेणारी घरे किती? ज्या कुटुंबात हंगामात डझनभर आंबेही येत नाहीत, तेथे हा उपदेश म्हणजे क्रूर चेष्टाच ठरेल. शिवाय गणिताची खरी उपासमार तेथेच अधिक आहे. ग्रामीण भागातील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत नाही, असे २०२२ च्या ‘असर’ पाहणीत देशपातळीवर दिसून आले. तथापि फळ महाग असले तरच त्यातून शिकता येते, असे थोडेच आहे? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि पुढे ते कोसबाडच्या आदिवासी मुलांत नेले, तेव्हा विकतच्या साधनांवर न विसंबता बिया, पाने, शिंपले अशा भोवतालच्या वस्तूंनाच त्यांनी शैक्षणिक साधनांचे स्थान दिले. चिंचोके, सीताफळाच्या बिया, फणसाच्या आठळ्या यांना आजही पैसे पडत नाहीत. रातांब्याची साले वाळण्यापूर्वी आणि वाळल्यावर तोलली, तर आमसूल महाग का, हे कोकणातल्या कोणत्याही अंगणात समजते.

एक भीती मात्र बाळगावयास हवी. पालकांच्या हाती हे प्रकरण सापडले, की त्याची शिकवणी व्हावयास वेळ लागत नाही. आंबा हातात देऊन लगेच ‘सांग पाहू’ सुरू झाले, तर मूल आंब्यालाही मुकेल आणि गणितालाही. प्रश्न मुलाकडूनच यावयास हवा. मोठ्यांनी तराजू, कागद आणि थोडा वेळ एवढेच पुरवावे. हा वेळच पुष्कळ घरांत फळापेक्षा दुर्मीळ झाला आहे, ही गोष्ट निराळी.

या बाबतीत जुनी पोरे अधिक शहाणी होती. करवंद दाताने अर्धे तोडून आत लाल निघाले तर कोंबडा, फिकट निघाले तर कोंबडी, हा त्यांचा खेळ कोणा शिक्षणतज्ज्ञाने रचलेला नव्हता. पानाच्या द्रोणातली वीस करवंदे अशी तोडून कोंबडे किती, कोंबड्या किती याच्या रेघा कोळशाने पायरीवर ओढल्या, की दुसऱ्या द्रोणात काय निघेल याची पैज लागते. संभवशास्त्राचा आरंभ त्या पायरीवर होतो, आणि तोही जांभळ्या झालेल्या ओठांनी.