दारूगोळा हवाच, चौकशीचे अहवालही हवेत

संपादक महोदय,


पहलगामला २६ जणांची हत्या झाली, त्यानंतर ७ मे २०२५ रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले आणि १२ मे रोजी पंतप्रधानांनी ही कारवाई संपलेली नसून फक्त थांबवली असल्याचे देशाला सांगितले. युद्ध होईल तेव्हा बघू, हे धोरण तेव्हापासून मागे पडले. आता लढाई कधीही होऊ शकते असे धरून कोठारे भरलेली ठेवायची आहेत. दिल्लीत ठरलेले हे धोरण विदर्भात फार लवकर पोहोचते. मे महिन्याच्या सुरुवातीलाच भद्रावतीच्या आयुध निर्माणीतील कामगारांच्या रजा रद्द झाल्या होत्या. तोफा सीमेवर लागल्या तरी गोळे आमच्याकडे भरले जातात. म्हणूनच हिंगण्यातून हे पत्र लिहितो आहे.

हे धोरण मला पटते. कारगिलच्या वेळी ऐन लढाईत दारूगोळ्यासाठी परदेशांकडे धावाधाव करावी लागली होती. २०१७ साली संसदेत मांडलेल्या ‘कॅग’च्या अहवालानुसार, १५२ प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसही पुरेल इतका नव्हता. युक्रेनच्या युद्धात तर युरोपातल्या श्रीमंत देशांचीही कोठारे रिकामी होत आली. त्यामुळे गोळा घरचाच हवा, याबद्दल वाद नाही. या कामात नागपूरचा वाटा मोठा आहे. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ ला बरखास्त होऊन त्याच्या ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, त्यांपैकी ‘यंत्र इंडिया’चे मुख्यालय आमच्या अंबाझरीला आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘पिनाका’च्या रॉकेटांसाठी संरक्षण मंत्रालयाने १०,१४७ कोटी रुपयांचे करार केले. त्यातला एक हिस्सा बाजारगावच्या खासगी कंपनीला मिळाला. लष्कराला ‘नागास्त्र’ हे घिरट्या घालून लक्ष्यावर कोसळणारे ड्रोनही तिथूनच मिळाले. मार्च २०२५ मध्ये पंतप्रधान स्वतः तिथे येऊन धावपट्टीचे उद्घाटन करून गेले. नागपूर ‘डिफेन्स हब’ झाल्याच्या बातम्या आपण छापता. त्या वाचून आम्हालाही अभिमान वाटतो.

पण याच पट्ट्यातल्या आणखी तीन तारखा सांगतो. १७ डिसेंबर २०२३ च्या रविवारी सकाळी बाजारगावच्या कारखान्यात स्फोट होऊन नऊ जण गेले, त्यांत सहा महिला होत्या. १३ जून २०२४ ला हिंगणा पोलीस ठाण्याच्या हद्दीतील धामण्याच्या स्फोटक कारखान्यात पुन्हा तेच घडले. मरणाऱ्यांत बहुतेक आसपासच्या गावांतल्या, विशीच्या आगेमागे असलेल्या मुली होत्या. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोटाने छत कोसळले आणि आठ कामगार दगावले. सुमारे तेरा महिन्यांत आणि दोन जिल्ह्यांत या तीन घटना घडल्या. बाजारगावला त्या दिवशी खाणीत लागणाऱ्या बूस्टरचे पॅकिंग चालले होते, लष्कराच्या मालाचे नव्हे, हे खरे. परंतु लष्कराच्या वाढत्या मागणीचा माल याच पट्ट्यात आणि याच हातांनी तयार होणार आहे.

माझी सारी नोकरी एका सरकारी आयुध कारखान्यात गेली, म्हणून एक बारीक गोष्ट सांगतो. बारूद हाताळणाऱ्या प्रत्येक इमारतीच्या दारावर दोन आकडे रंगवलेले असतात. एका वेळी आत किती माणसे असावीत, हा पहिला. आत किती किलो माल असावा, हा दुसरा. फाटकावर काडेपेटी आणि मोबाइल काढून घेतात, अंगावर सुती कपडे लागतात, आत जाण्याआधी तांब्याच्या पट्टीला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची असते. एका इमारतीचा धक्का दुसरीला बसू नये म्हणून मध्ये मातीचे बांध घातलेले असतात. दुर्घटना झालीच तर ती चार भिंतींच्या आत राहावी आणि माणसे कमीत कमी मरावीत, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप. म्हणून एका खोलीत सहा-सात-आठ माणसे गेल्याची बातमी आली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, त्या दिवशी दारावरचे आकडे काय होते आणि आत प्रत्यक्षात किती माणसे आणि किती माल होता?

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला कधी मिळत नाही. मंत्री येतात, मदत जाहीर होते, गेटसमोर बसलेल्या नातेवाइकांची समजूत काढली जाते, चौकशीचे आदेश निघतात. चौकशी होतही असेल, अहवालही लिहिला जात असेल. मला मात्र असा एकही अहवाल आजवर वाचायला मिळाला नाही, आणि ज्यांच्या घरची मुलगी गेली त्यांना कोणी तो घरी नेऊन वाचून दाखवल्याचे ऐकिवात नाही.

हा सगळा खासगीकरणाचा परिणाम आहे, असे माझे काही जुने सहकारी म्हणतात. ते मला मान्य नाही. जवाहरनगरचा कारखाना सरकारी मालकीचाच आहे. मालक कोणीही असो, वरून टार्गेटची घाई आली की पहिली काटछाट कशात होते, हे शॉपफ्लोअरवर उभा राहिलेला कोणीही सांगेल. अनुभवी माणूस निवृत्त होतो, त्याच्या जागी ठेकेदाराचा माणूस येतो. चार दिवस शिकवले न शिकवले की त्याला लाइनवर उभे करतात. बारूद हाताळायचे शिक्षण चार दिवसांत होत नाही. आम्हाला एकेका कामावर उस्तादाच्या हाताखाली महिनोन् महिने काढावे लागत.

असे प्रश्न विचारले तर देशाच्या सिद्धतेला बाधा येते, असेही कोणी म्हणेल. उलट स्फोटाने इमारत पडते, लाइन बंद होते, अनुभवी हात जातात आणि सीमेवरच्या जवानाचा गोळा उशिरा पोहोचतो. रॉकेटचे सूत्र किंवा साठ्याचा आकडा कोणी मागत नाही. माणसे कशी मेली, हे गुपित असू शकत नाही.

स्फोटकांचे परवाने देणाऱ्या ‘पेसो’चे देशाचे मुख्यालय नागपुरातच आहे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे कार्यालयही इथे आहे. दाद मागायला आम्हाला दिल्लीला जायची गरज नाही. या दोन्ही कार्यालयांनी आणि संरक्षण मंत्रालयाने बाजारगाव, धामणा आणि जवाहरनगर या तिन्ही दुर्घटनांचे चौकशी अहवाल मराठीत प्रसिद्ध करावेत. त्या त्या इमारतीची माणसांची आणि मालाची मर्यादा किती होती आणि त्या दिवशी आत किती होते, हे त्यात स्पष्ट लिहावे. यापुढे लष्कराची मोठी ऑर्डर देताना त्या कारखान्याचा अपघाताचा इतिहास आणि कंत्राटी कामगारांचे प्रशिक्षण तपासल्याशिवाय सही होऊ नये. आमच्या आमदार-खासदारांनी हा प्रश्न विधानसभेत आणि लोकसभेत विचारावा. आपल्या दैनिकालाही विनंती आहे की ‘डिफेन्स हब’च्या पुढच्या बातमीसाठी आपला प्रतिनिधी या कार्यालयांत जाईल तेव्हा त्याने हे तीन अहवाल मागावेत, आणि मिळाले नाहीत तर तेही छापावे.

आपला,
एक निवृत्त आयुध कामगार
वानाडोंगरी, ता. हिंगणा, जि. नागपूर