‘पाणीच असेल’ म्हणण्याआधी

कोल्हापुरात बाळंतिणीच्या घरी न्हाऊ घालणारी मावशी अजूनही येते. पाय लांब पसरून, बाळाला पायांवर आडवं घेऊन ती तेल जिरवते, तेव्हा त्याच्या अंगावरचा एकही सांधा तिच्या बोटांतून सुटत नाही. मुलग्याचं एक अंड दुसऱ्यापेक्षा मोठं, जड किंवा टणक लागलं, तर ते आधी कळतं तिला. ती आजीला सांगते. आजी म्हणते, ‘पाणीच असेल, जाईल आपोआप.’

बहुतेक वेळा आजीचं खरं ठरतं. जन्मतः अंडाभोवती साचलेलं पाणी वर्ष-दीड वर्षात बहुधा जिरतं. पण लाखात एखाद-दुसऱ्या मुलाच्या बाबतीत ती गाठ असते, आणि मग हे ‘बहुधा’ महागात पडतं. मुलांमधल्या घन गाठींत वृषणाच्या गाठींचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के. तरी एवढी दुर्मीळ गाठ ओळखायला बोटं, बॅटरी, सोनोग्राफी आणि एक रक्ततपासणी पुरते. योग्य वेळी सापडली तर जवळपास सगळी मुलं बरी होतात. अशा आजारात झालेल्या उशिराचं खापर नशिबावर फोडता येत नाही.

बॅटरीची युक्ती जुनी आणि बिनपैशाची. खोलीत अंधार करून मागून उजेड धरला की पाणी लालसर उजळतं, गाठ काळी राहते. मात्र गाठीभोवतीही पाणी साचतं आणि बॅटरी फसते. म्हणून अंड नीट चाचपता येत नसेल, तर ‘हायड्रोसील’ असं लिहून मोकळं होण्याआधी सोनोग्राफी करायलाच हवी.

खरी गोम रक्ताच्या रिपोर्टात आहे. दीड-दोन वर्षांच्या मुलात आढळणारी योक सॅक ट्यूमर ही कर्करोगाची गाठ एएफपी नावाचं प्रथिन रक्तात सोडते. आकडा शेकड्यांत, हजारांत जातो. पण हेच प्रथिन गर्भाचं यकृतही बनवत असतं. त्यामुळे नवजात बाळ ठणठणीत असलं तरी त्याचा आकडा हजारोंच्या घरात असतो. मोठ्यांच्या पातळीवर यायला साधारण आठ महिने ते वर्ष लागतं. लॅबच्या कागदावर मात्र ‘नॉर्मल’च्या रकान्यात बऱ्याचदा मोठ्या माणसाचाच आकडा छापलेला. दोन महिन्यांच्या बाळाचा रिपोर्ट बघून बापाच्या पायाखालची जमीन सरकते; प्रत्यक्षात त्या वयातली गाठ ज्युव्हेनाइल ग्रॅन्युलोसा प्रकारची, काढली की विषय संपला, अशी निघू शकते. वयानुसार तक्ता छापायला लॅबला खर्च येईल तो शाईचा. दोन वर्षांच्या मुलाची गाठ काढल्यावर हाच आकडा राखण करतो. दर पाच-सात दिवसांनी तो निम्मा व्हायला हवा. नाही झाला तर आजार कुठेतरी उरला आहे.

दुसरी चूक सुरीची. गाठ अंडकोशात आहे, मग तिथंच चीर द्यावी किंवा सुई टोचून बघावं, असं कुणालाही वाटेल. पण वृषण तयार होतं मूत्रपिंडाजवळ आणि जन्माआधी खाली उतरतं; येताना आपल्या रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या सोबत घेऊन येतं. त्यामुळे गाठ पसरते ती पोटाकडे. अंडकोशाच्या कातडीची वाट वेगळी, जांघेकडे जाणारी. तिथं सुरी किंवा सुई गेली की आजाराला नवा रस्ता मिळतो. म्हणून शस्त्रक्रिया जांघेतून करायची. गाठ साधी निघाली तर वृषण राखून तेवढी गाठ काढता येते, आणि लहान मुलांत साध्या गाठी बऱ्याच असतात.

पसरलेल्या आजारालाही औषध आहे. डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये सिस्प्लॅटिनवर आधारलेले उपचार सुरू केले आणि वृषणाच्या कर्करोगाचं चित्र पालटलं. क्रिकेटपटू युवराज सिंगच्या छातीतली गाठ याच कुळातली. २०१२ मध्ये तो त्याच आइनहॉर्न यांच्याकडे उपचारांना गेला होता. युवराजचं नाव घेतलं की घाबरलेले आईबाप निदान ऐकायच्या मनःस्थितीत येतात.

शाळकरी वयात गाठीचं सोंग निराळं. सहा-सात वर्षांच्या पोराचा आवाज फुटतो, लव येते, उंची सरसर वाढते. घरात कौतुक होतं, ‘लवकर गडी झाला.’ नऊ वर्षांच्या आत असं झालं तर लायडिग पेशींची गाठ आहे का, हे सोनोग्राफीनं बघावं लागतं. हाताला ती कधी कधी लागतही नाही. मोठ्या मुलांत सूज आली की खापर तालमीतल्या माराच्या माथी. मार निमित्त असतो, गाठ आधीचीच असू शकते. लंगोट बांधून शेकडो लोकांपुढे लढणारं पोर ही गोष्ट वस्तादालाही सांगत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतात. चंदगड, शाहूवाडीच्या वाडीवस्तीवर डॉक्टर स्वतःहून पोरापर्यंत पोचतो तो याच निमित्तानं. पण या कार्यक्रमाच्या मूळ ३० आजारांच्या यादीत वृषणाचा उल्लेखच नाही. जांघेत अडकून राहिलेलं अंडही त्यात नाही, ज्यामुळे पुढं कर्करोगाचा धोका वाढतो. कोल्हापूर जिल्हा परिषदेनं अंगणवाडीच्या तपासणीत, आईला शेजारी उभं करून, आडोशाला अंड चाचपण्याची अर्ध्या मिनिटाची तपासणी सुरू करावी आणि शंका आलेलं मूल थेट कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात सोनोग्राफीसाठी पाठवावं.

तोवर घरच्यांनी एवढं करावं: न दुखणारी टणक सूज त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावी. अचानक कळ येऊन अंड सुजलं तर सकाळची वाट बघू नये. तो बहुधा पीळ असतो, आणि अंड वाचवायला साधारण सहा तास मिळतात.