अत्तर पारखावं मनगटावर



बहुतेक घरांत कपाटामध्ये, रेशमी साड्यांच्या घडीखाली, अत्तराची एक कुपी असतेच. कुणी आहेरात दिलेली, नाहीतर दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी आणलेली. वर्षातून दोन-तीनदा तिचं बूच निघतं आणि मग ती पुन्हा घडीखाली जाते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "रोजच्या कामात कशाला हवंय अत्तर? आणि फोडणीच्या वासापुढे ते कळणार तरी कुणाला?"

कुणाला म्हणजे काय? आपल्याला कळेल की! आपल्या सदरात आजवर लोणच्यापासून गाद्या-गिरद्यांपर्यंत सगळं झालं, या खेपेला अत्तर. मी सात अत्तरांच्या पाव-पाव तोळ्याच्या कुप्या आणल्या (पाव तोळा म्हणजे जेमतेम ३ मिलिलिटर) आणि रोज एक लावून नेहमीची सगळी कामं केली. सकाळी आंघोळीनंतर डाव्या मनगटावर एक ठिपका. मग लगेच, अर्ध्या तासानं, जेवणवेळेला आणि दिवेलागणीला असं चारदा हुंगून वहीत टिपून ठेवलं. घरच्यांनी थट्टा केली, पण मजा आली हो!

आधी थोडी माहिती. फवाऱ्याच्या सेंटमध्ये बहुतांशी अल्कोहोल असतं. ते भर्रकन उडतं आणि वासाला चार हात लांब घेऊन जातं. अत्तर तेलातलं, म्हणून ते अंगालाच बिलगून राहतं आणि जवळ येणाऱ्यालाच कळतं. उत्तर प्रदेशातलं कनौज हे या धंद्याचं जुनं गाव. तिथं फुलं आणि पाणी तांब्याच्या मोठ्या हंड्यात, म्हणजे देगेत, घालतात. झाकण मातीनं लिंपून खाली जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात, म्हणजे भपक्यात, उतरते. तो भपका गार पाण्यात बसवलेला असतो आणि त्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं. फुलांचा वास त्या तेलात मुरतो. पुन्हा नवी फुलं, पुन्हा जाळ, असं दिवसामागून दिवस चालतं. चंदन महाग झाल्यापासून पुष्कळ मालात पॅरेफिनसारखं खनिज तेल वापरतात, म्हणून एकाच नावाच्या दोन कुप्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

आता माझी वही उघडते.

गुलाब. पहिल्या दिवशी मुद्दाम दोन कुप्या घेतल्या होत्या, एक स्वस्त आणि एक चांगल्यापैकी. एकेका मनगटावर एकेक लावली. स्वस्तातली पहिल्या क्षणी अगदी घमघमली आणि संध्याकाळपर्यंत तश्शीच राहिली, उदबत्तीच्या पुड्यासारखी. चांगली मात्र बदलत गेली. आधी मधासारखी गोड, मग किंचित तिखट, आणि दुपारी गुलाब ओसरून खाली नुसतं मऊ चंदन उरलं. वासातले हलके कण आधी उडतात, जड मागे राहतात, म्हणून असं होतं. दिवसभर तसूभरही न बदलणारं अत्तर बहुधा कारखान्यातलं असतं, हे एक ढोबळ माप लक्षात ठेवा. शुद्ध गुलाबतेलाचा भाव किलोमागे लाखांच्या घरात जातो, कारण एका किलोसाठी सुमारे चार टन फुलं लागतात. तेव्हा शंभर रुपयांत 'अस्सल गुलाब' म्हणून कुणी देत असेल, तर हसून पुढं जावं.

वाळा. हिंदीत खस. तांब्याच्या देगेत काढलेल्या या तेलाला हिरवट झाक असते. बाटलीत नाक घातलं तर ओल्या मुळ्यांचा उग्र दर्प येतो आणि वाटतं, नको बाई हे! पण मनगटावर तासाभरात तो निवळला, आणि उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकतो ना, तस्सा गारवा आला. भर दुपारी बाजारातून आले तरी टिकून होता. उन्हाळ्यासाठी सातांत हाच पहिला.

मोगरा. गजऱ्याची आठवण ठेवून घेतला आणि पहिल्या तासाला तो फारच गोड वाटला. ताज्या गजऱ्याबरोबर पानांचा हिरवा वासही येतो, तो अत्तरात येत नाही. मोगऱ्यात इंडोल नावाचं एक द्रव्य असतं, ते जास्त झालं की वास जडावतो. बंद बसमध्ये तर मलाच जड झाला. पण रात्री गच्चीवर तोच मोगरा किती शहाण्यासारखा वागला! ज्यांना अर्धशिशी आहे त्यांनी याच्यापासून जरा दूरच राहावं.

केवडा. ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यात याची मोठी पैदास आहे. गौरी-गणपतीत वेणीत केवड्याचं पान खोचलं की जो धारदार वास येतो, तोच. ठिपका पडला तो सुईच्या टोकाएवढा, तरी सोप्यातून विचारणा झाली, "बिर्याणी करत्येस की काय?" बिर्याणीत केवड्याचं पाणी घालतात ना! अंगापेक्षा साड्यांच्या कपाटात, कापसाच्या बोळ्यावर ठेवला तर उत्तम.

मिट्टी. होय, मातीचं अत्तर! भट्टीत भाजलेल्या मातीच्या चकत्या देगेत घालून काढतात. १९६४ साली इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी पहिल्या पावसाच्या वासाला 'पेट्रिकॉर' असं नाव दिलं, पण आपल्याकडचे अत्तरवाले त्याच्या कितीतरी आधीपासून तो वास कुपीत भरत होते. मला वाटलं होतं नुसती गंमत असेल. पण भांडी घासून झाल्यावर मनगट नाकाशी नेलं आणि वैशाखात वळवाची सर यावी तसं वाटलं. तीन तासांत तो गेला. टिकाऊ नाही, तरी तेवढ्या तीन तासांसाठी घ्यावा.

हीना. ही मेंदी बरं का! पण पानांची नव्हे, तिच्या बारीक तुऱ्यांची. निव्वळ फुलांचं ते गुल-हीना. दुकानात नुसतं 'हीना' म्हणून मिळतं त्यात बहुतेक वेळा मसाल्याच्या वनस्पतीही असतात: नागरमोथा, जटामांसी, लवंग, जायफळ आणि चक्क दगडफूल! लावल्यावर हा वास मला इतका ओळखीचा का वाटतोय ते आधी कळेना. मग उमगलं, अर्धा आपल्या गोड्या मसाल्याचा डबा आणि अर्धं दिवाळीचं उटणं! थंडीत शालीखाली हा दिवसभर ऊब देतो. फोडणीच्या वासाशी भांडत नाही, उलट त्यात मिसळून जातो. स्वयंपाकघरात वावरणारीसाठी यासारखं दुसरं अत्तर नाही.

ऊद. आसामकडच्या अगरूच्या झाडाला बुरशी लागली की ते झाड आपल्या बचावासाठी गडद राळ तयार करतं. ऊद त्या राळेचा. झाडाच्या दुखण्यातून आलेला वास म्हणा ना. धूर, चामडं, जुनं लाकूड. पहिल्या तासाला मला सोसला नाही, तिसऱ्या तासाला सोडवेना. दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावरही तो मनगटावर होता.

सात दिवसांत एक गोष्ट पक्की झाली. दुकानात बाटली हुंगून जे आवडतं ते घरी येऊन आवडेलच असं नाही. वाळा मी दुकानात नाकारला असता आणि मोगरा डोळे मिटून घेतला असता. म्हणून दुकानदाराकडून एका वेळी एकच ठिपका लावून घ्या, भाजी-किराणा उरका, आणि दोन तासांनी मनगटाला विचारा. शेजारणीला शोभतं ते तुम्हाला शोभेल असंही नाही, अंगाची ऊब आणि त्वचेचा तेलकटपणा प्रत्येकीचा वेगळा.

आता थोड्या सूचना. नवं अत्तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा. खाज किंवा लाली आली तर ते नको. रेशमी साडीवर आणि मोत्यांवर थेट लावू नका, डाग पडतो. फाया कानाच्या वरच्या खोबणीत ठेवावा, कानाच्या भोकात नव्हे. कांदा-लसणाच्या हातांवर अत्तर लावून वास झाकत नाही, उलट बिघडतो. आधी मीठ-लिंबानं हात चोळून धुवा. घरात कुणाला दमा असेल तर त्याला विचारून लावा. कुपी गॅसच्या ओट्याजवळ किंवा न्हाणीघरात न ठेवता अंधाऱ्या कपाटात ठेवा. आणि अर्ध्या तासानं आपल्याला वास येईनासा झाला म्हणून पुन्हा लावू नका. आपलं नाक सरावतं, पण शेजारी बसलेलीला तो येतच असतो.

हे सगळं झालं, पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय हे सदर पुरं होणार नाही.

आपल्याकडे हळदीकुंकवाला अत्तर लावायची किती सुंदर रीत आहे! उजव्या हाताच्या पाठीवर अत्तराची काडी फिरवायची, गुलाबदाणीनं पाणी शिंपडायचं. पण ही काडी घरातल्या एका बाईपाशी येऊन थांबते, हे आपण सगळ्याजणी जाणतो. माझे सासरे गेले, त्यानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला सासूबाई आतल्या खोलीत गवार निवडत बसल्या होत्या. बाहेर बायका, वाण, तिळगूळ, हसणं. मी अत्तरदाणी घेऊन आत गेले. त्या म्हणाल्या, "अगं, मला कशाला? मला आता चालत नाही." मी म्हटलं, "हात तर पुढं करा." वाळा लावला. त्यांनी हात नाकाशी नेला, बराच वेळ नेला, आणि म्हणाल्या, "आमच्या माहेरच्या माठातलं पाणी गं." मग पदरानं हात पुसला नाही, तसाच राहू दिला.

बाहेर कळल्यावर दोघी-तिघी गप्प झाल्या. एकीनं पुढच्या वर्षी येणं टाळलं. हे मी लपवत नाही, कारण तुम्ही असं काही केलंत तर तुमच्याकडेही होईल. पण एक सांगते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. एक अख्खं गाव एवढं करू शकतं, तर आपल्या दिवाणखान्यात आपण अत्तराची एक काडी चार पावलं पुढं नेऊ शकत नाही का?

सात दिवस मनगट हुंगताना मला तरी हेच दिसलं की अत्तर लावणाऱ्या बाईला ते सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त भेटतं. भांडी घासताना, हिशोब लिहिताना, बसच्या रांगेत. मग ते नवऱ्याच्या असण्या-नसण्यावर का ठरावं? आणि नवरा असणाऱ्यांनीही ते फक्त लग्नकार्यासाठी का राखून ठेवावं?

तेव्हा या आठवड्यात कपाटातली ती कुपी बाहेर काढा. सकाळी एक ठिपका स्वतःला लावा. आणि घरात सासूबाई, नणंद, आत्या, शेजारच्या काकू, ज्यांच्यापुढं काडी थांबते अशी कुणी असेल, तर आधी त्यांना विचारा, "वाळा लावू की हीना?" नाही म्हणाल्या तर आग्रह करू नका. कुपी मात्र त्यांच्या हाताला येईल अशी ठेवा.

तुम्हाला कुठलं अत्तर मानवलं ते जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात लोकरी कपड्यांना कसर लागू नये म्हणून काय करावं, ते पाहू.