मालवणात मी ज्या ‘दगडा’वर उभी राहिले



पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. डिसेंबरच्या भारतवारीची तिकिटं काढायचे दिवस आलेत आणि आपल्यातले बरेच जण मुलांना घेऊन तारकर्ली-मालवणला जाणार, म्हणून आत्ताच लिहितेय.

गेल्या वर्षी आम्हीही गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग केलं. मला पोहणं बेताचंच येतं. थोड्या वेळाने दमले, तर होडीवरचा मुलगा म्हणाला, “ताई, खाली उभ्या राहा, दगडच आहे.” राहिले. वर हात करून फोटोही काढून घेतला. बेलव्ह्यूला परतल्यावर धाकटीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी तो फोटो लॅपटॉपवर मोठा केला आणि शांतपणे म्हणाली, “आई, हा दगड नाहीये. तू कोरलवर उभी आहेस.”

मालवणातलं पोरायटीस जातीचं प्रवाळ दिसतं अगदी गोल धोंड्यासारखं. ते वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. म्हणजे ज्यावर माझे दोन्ही पाय मावले, ते कदाचित माझ्या लग्नापेक्षा जुनं असेल. शिवाय भारतात सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ असतो त्याच यादीत. वाघावर उभं राहून फोटो काढायची माझी हिंमत झाली नसती!

लेकीचा प्रोजेक्ट होता थंड समुद्रातल्या प्रवाळांवर. मला वाटायचं प्रवाळ म्हणजे अंदमान, लक्षद्वीप, हवाई. पण भूमध्य समुद्रात क्लाडोकोरा नावाचं प्रवाळ आहे, जिथे हिवाळ्यात पाणी चांगलंच गार होतं तिथे खडक बांधणारं. (आजीच्या अंगठीतलं मंगळाचं पोवळंही मूळ त्याच समुद्रातलं, पण ते वेगळं, ते खडक बांधत नाही.) २००३ च्या उष्णतेच्या लाटेपासून स्पेनच्या कोलुम्ब्रेतेस बेटांजवळ क्लाडोकोराच्या वसाहती वारंवार मरताना दिसल्या. मग २०१९ मध्ये केर्स्टिंग आणि लिनारेस या शास्त्रज्ञांनी एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. मेलेल्या वाटणाऱ्या काही वसाहतींत थोडे पोलिप आपल्या चुन्याच्या कपात आक्रसून बसलेले होते. त्यांनी अंग लहान केलं, आत नवा छोटा कप बांधला आणि काही वर्षांनी जुन्या सांगाड्यावर पुन्हा वसाहत उभी केली. ही युक्ती तोवर फक्त जीवाश्मांमध्ये माहीत होती.

लेकीचा निष्कर्ष, मोठ्या अक्षरात: प्रवाळ परत येतात. नवरा खूश. फॅमिली ग्रुपवर टाकलं, टाळ्या पडल्या.

मी मात्र अडकले. वीस वर्षं ताळेबंद बघतेय, त्यामुळे ‘परत आले’ म्हटलं की मी विचारते, किती आले आणि किती वेळात? क्लाडोकोरा वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं. काही वसाहतींतले काही पोलिप वाचले आणि त्यांना सावरायला वर्षं लागली. मधल्या काळात पुढची लाट यायला नको. २०२२ मध्ये भूमध्य समुद्र पुन्हा तापलाच. एखादी कंपनी एकदा दिवाळखोरीतून वाचली म्हणून दर दोन वर्षांनी तिला बुडवून बघायचं का?

प्रवाळाचं खातं मला असं समजलं. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर अन्न बनवतं. बहुतेक उत्पन्न तिथून येतं. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाच्या एखाद अंश वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं दिसू लागतं. ते लगेच मरत नाही. पगार बंद झालाय, फिक्स डिपॉझिट मोडून घर चाललंय, अशी अवस्था असते. अंगातली चरबी वापरायची, रात्री पाण्यातले बारीक जीव पकडून खायचे. थंड किंवा गढूळ पाण्यातली काही प्रवाळं या जोडधंद्यात जास्त तरबेज, म्हणून ती चिवट.

मालवणची प्रवाळं उष्ण कटिबंधातली खरी, पण त्याच चिवट बिरादरीतली. पावसाळ्यात खाड्या गाळ आणि गोडं पाणी आणून ओततात, पाण्यात हातभर अंतरावरचं दिसत नाही, तरी ती टिकलीत. १९८७ मध्ये तिथे सुमारे २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य झालं. तिथेही प्रवाळं पांढरी पडल्याच्या नोंदी शास्त्रज्ञांनी केल्या आहेत. “ती टफ आहेत हो, त्यांना काही होत नाही,” हे मी तिथे दोनदा ऐकलं. चिवट आहेत म्हणून पाय द्यायचा, हा हिशोब मला पटत नाही. सोसणाऱ्यावरच अजून टाकायचं, ही आपली जुनी सवय, घरातसुद्धा.

आता माझ्यावर येणारा प्रश्न मीच विचारते. सिअॅटल ते मुंबई चार तिकिटं काढणाऱ्या बाईने प्रवाळाबद्दल बोलावं का? समुद्र तापतोय तो कार्बनने, आणि आमच्या विमानाचा कार्बन त्यात आहे. पण आई पंचाहत्तरीची आहे, मी जाणं थांबवणार नाही. ते देणं माझ्या खात्यावर राहील, लपवणार नाही. इथलं उदाहरणही समोर आहे. साधारण २००५ ते २००९ दरम्यान वॉशिंग्टन-ओरेगॉनच्या किनाऱ्यावर समुद्राच्या वाढत्या आम्लतेने ऑयस्टरची पिल्लं शिंपला बांधेनात, हॅचरी बसायची वेळ आली. हॅचरीवाल्यांनी पाणी मोजायला आणि सुधारायला सुरुवात केली, २०१२ मध्ये राज्याने त्यासाठी खास समितीचा अहवाल घेतला. सगळा समुद्र कुणी दुरुस्त केला नाही. आपल्या टाकीतलं पाणी सांभाळलं.

मालवणात आपल्या हातातली टाकी म्हणजे आपले पाय, नांगर आणि आपण देतो ते पैसे. होडीवाल्यांना दोष देणं सोपं आहे. आपण दीड तास भाव करतो, मग तो कमी वेळात जास्त फेऱ्या मारतो आणि दमलेल्या ताईला ‘दगडा’वर उभं करतो. या वेळी मी आधीच फोन करून विचारणार आहे: होडी बोयाला बांधता की नांगर टाकता? उभं न राहता तरंगायला ट्यूब आहे का? माशांना ब्रेड टाकत नाही ना? हो म्हणेल त्याला सांगेल ते पैसे, भाव न करता. सनस्क्रीन थापण्याऐवजी पूर्ण बाह्यांचे पोहायचे कपडे. ऑक्सिबेंझोन असलेल्या सनस्क्रीनची विक्री हवाईने २०२१ पासून बंद केलीय, तेव्हा कोकणातही नको.

लेकीने प्रोजेक्टचं शेवटचं वाक्य बदललं नाही. फक्त खाली बारीक अक्षरात ‘जर वेळ मिळाला तर’ असं जोडलं, आणि माझा तो फोटो लावला. वर्गात माझी ओळख आता तीच आहे.

मालवणात बोयाला होडी बांधणारं कुणी तुमच्या माहितीत असेल तर कमेंटमध्ये नक्की सांगा. आम्ही २० डिसेंबरला निघतोय.