व्हिडिओ पुरे, आता वही काढा

फोनवर सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीचा, एखादा कोर्स सुरू करून दुसऱ्या-तिसऱ्या धड्यालाच सोडून दिलात? तसे सोडणारे पुष्कळ असतात. पण त्यावरून ‘आपल्याला याचा उपयोग नाही’ असं ठरवू नका. बहुतेक वेळा धडे नुसते पाहिलेले असतात, गृहपाठ केलेला नसतो. आणि या पद्धतीत खरं काम गृहपाठच करतो.

ही पद्धत काही आजची नाही. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात आणि एरन बेक यांनी १९६०च्या दशकात तिचा पाया घातला. एलिस यांचा विचार आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवला; त्यातला ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द अनेकांनी ऐकलेला असेल. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीने २००१ साली ‘मूडजिम’ हा कार्यक्रम इंटरनेटवर आणला. म्हणजे घरबसल्या हे शिकण्याची सोय होऊनही बराच काळ लोटला.

गृहपाठ म्हणजे काय, ते बघा. रात्री साडेनऊला साहेबांचा मेसेज येतो, ‘उद्या सकाळी भेटा.’ पोटात गोळा. आता वहीत लिहायचं. काय घडलं? मेसेज आला, एवढंच. मनात काय आलं? ‘माझी चूक सापडली, आता नोकरी जाणार.’ भीती किती? शंभरपैकी ऐंशी. या विचाराला पुरावा काय? गेल्या आठवड्यात रिपोर्टला उशीर झाला होता. उलट पुरावा? साहेब असं महिन्यातून दोनदा तरी बोलावतात, आणि बहुतेक वेळा काम वाटून देण्यासाठीच. मग पटेल असा विचार कोणता? ‘कदाचित उशिराबद्दल बोलतील. बोलले तर उत्तर देता येईल. नोकरी जाण्याचं चिन्ह अजून तरी दिसत नाही.’ आता भीती किती? पन्नास.

पन्नासच. शून्य नाही, आणि शून्य व्हायलाही नको. ‘सगळं छान होईल’ असं घोकायला लावणारं ॲप दिसलं तर ते खुशाल काढून टाका. मनाला जे पटत नाही ते शंभरदा लिहूनही पटत नाही. आणि हे सगळं डोक्यातल्या डोक्यात करू नका. तिथे विचार गोल फिरत राहतो. कागदावर त्याला पूर्णविराम द्यावा लागतो.

दुसरा अर्धा भाग वागण्याचा. ताणामुळे जे टाळत आलात, त्यातलं सगळ्यात लहान काम आज करा. बँकेचं न उघडलेलं पाकीट फक्त उघडा, हिशेब उद्या.

एकट्याने कोर्स करण्यापेक्षा कुणी विचारपूस करत असेल तर तो पूर्ण होण्याची आणि लागू पडण्याची शक्यता जास्त, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. समुपदेशक मिळाला तर उत्तमच. नाहीतर बहिणीला, मित्राला सांगून ठेवा: ‘दर रविवारी मला विचार, वही लिहिली का?’ वही वाचून दाखवायची गरज नाही. ॲप निवडताना एवढं पाहा, की मनातलं लिहायला दिलेल्या जागेला तुमचे फोनमधले नंबर आणि फोटो कशाला हवेत?

हेही सांगायला हवं की पगार तीन महिने थकला असेल किंवा घरात मारहाण होत असेल, तर दोष तुमच्या विचारांचा नाही. तिथे वही पुरणार नाही. हक्काचं भांडण, कायदा, माणसांची मदत लागेल. झोप आणि भूक दोन आठवडे बिघडलेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटत असेल तर कोर्सची वाट न पाहता आत्ताच जवळच्या माणसाला सांगा आणि १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. ऑक्टोबर २०२२पासून ती सुरू आहे, चोवीस तास आणि मोफत. मराठीत बोलता येतं.