कासवांचे राखणदार

गाभाऱ्यापुढील दगडी कासवाला वंदन करणाऱ्या समाजाने किनाऱ्यावरील जिवंत कासवाचीही चिंता वाहावयास हवी. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये ग्रामस्थांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांच्या रक्षणाचे कार्य आरंभिले. एकेका घरट्यात सुमारे शंभर अंडी. कोल्ह्याकुत्र्यांच्या आधी ती गाठावयाची, तर हंगामभर पहाटे किनारा पायी तुडविणारी माणसे लागतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच असले, तरी राखण माणसांनीच करावयाची असते. अशा स्थानिक कार्याला निधीची आणि मनुष्यबळाची चणचण नेहमीचीच. कासव महोत्सवाला जाणाऱ्या कुटुंबांनी वर्षाकाठी यथाशक्ती निधी आणि तरुणांनी हंगामातील आठ दिवस द्यावेत. पाहुणे पुष्कळ आहेत. उणीव आहे ती राखणदारांची.